दहा वेळा एक दशांश

बिभीषण वारल्याला आठ महिने होत आले होते, तरी त्रिंबक गुरुजींच्या वर्गात यायचं त्यानं सोडलं नव्हतं.

येऊन तो काही करायचा नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर नुसता बसून राहायचा. लहानपणी त्याची जागा तीच होती. तेव्हा शाळेमागच्या पडीकात त्याच्या घरची मेंढरं चरायची, आणि एक डोळा फळ्यावर, एक डोळा मेंढरांवर ठेवता यावा म्हणून गुरुजींनीच त्याला दाराजवळ बसवलं होतं. आता तो बसायचा ते अंगावर भिजलेली घोंगडी घेऊन. घोंगडीच्या दशांतून पाणी ठिबकताना गुरुजींना स्पष्ट दिसायचं. एकदा पोरं घरी गेल्यावर त्यांनी वाकून बाकाखालच्या जमिनीला हात लावून पाहिला. वैशाखातली जमीन ती, तापलेली आणि कोरडी ठणठणीत.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या माणसानं पोरांना सांगितलं, की भूतबीत काही नसतं, त्यानं आता कुणापुढं तोंड उघडायचं? शिवाय बिभीषण अवेळी येत नव्हता. भर उन्हात, रोज सव्वाचारला यायचा. गुरुजी तेवढ्यापुरते फळ्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि काहीतरी लिहीत राहायचे.

खडकवस्ती धावडा गावापासून कोसभर आत. पन्नास-साठ उंबरे, बहुतेक घरी मेंढरं. वस्ती आणि चराईचा डोंगर यांच्या मधून नाला जातो, आणि नाल्यावर एक बुटका फरशी पूल आहे, कठडे नसलेला. पाऊस मागं डोंगरावर पडतो. वस्तीवर थेंब नसतो आणि नाला एकाएकी भरून येतो. जुनी माणसं मेंढरं पुलावर घालण्याआधी काठावर उभी राहायची, पाण्याचा रंग बघायची, फेस बघायची, मधला काळा खडक किती बुडाला ते बघायची आणि मगच पाय टाकायची.

गुरुजी निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना आपला जुना संगणक पाठवला. गुरुजींनी तो घरी न ठेवता शाळेच्या रिकाम्या खोलीत मांडला आणि पुस्तक समोर ठेवून संगणकाला हुकूम द्यायची सी भाषा शिकले. बासष्टाव्या वर्षी. मग तिथंच पोरांचा वर्गही घ्यायला लागले. शिकलेलं कुठंतरी लावावं म्हणून त्यांनी नाल्याचा भोंगा बनवला. पुलाजवळ पाण्यात एक खांब रोवला. खांबावर तळापासून दर दहा सेंटिमीटरला एक कळ. पाणी चढत गेलं की एकेक कळ दाबली जायची आणि तारेवरून शाळेतल्या संगणकाला कळायचं. आता पाणी किती, हे संगणकानं कसं मोजायचं? गुरुजींचा बाप मेंढरं मोजायचा तसं. बाप विसाला एक खडा ओच्यात टाकायचा, शेवटी खडे मोजायचा. गुरुजींनी खड्याच्या जागी मीटरचा दशांश घेतला. एक कळ दाबली गेली की:

pani = pani + 0.1;

उतरली की तेवढंच वजा. आणि ठरलेला आकडा बरोबर भरला की भोंग्याला हुकूम. भोंगा दिवसभर कोकलत बसू नये, एकदाच वाजावा, म्हणून त्यांनी 'इतकं किंवा जास्त' असं न विचारता दोन बरोबरच्या खुणा एकापुढं एक घातल्या होत्या. सी भाषेत त्यांचा अर्थ, हे आणि ते अगदी एकसारखं आहे का? बरोबर म्हणजे बरोबर. फळ्यावर जन्मभर तीच खूण काढलेली.

पहिल्या पावसाळ्यात आकडा ठेवला होता अर्धा मीटर. भोंगा एकदाही चुकला नाही. उलट जास्तच इमानदार निघाला. पाणी अजून पुलाच्या बरंच खाली असायचं आणि हा बोंब ठोकायचा. मेंढरं पलीकडं ताटकळायची. माणसं वैतागली, आणि सगळ्यात पुढं बिभीषण. "गुरुजी, तुमचा भोंगा लई भित्रा हाय," तो पारावर चारचौघांत म्हणाला होता. "बेडूक मुतलं तरी बोंबलून राह्यला." पार हसला. गुरुजीही हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी आकडा वाढवून एक मीटर केला, म्हणजे पुलावरून वीतभर पाणी. बाकी कशाला हात लावला नाही. एका जागी ०.५ होतं, तिथं १.० लिहिलं.

तोवर वस्तीची नजर मोडली होती. काठावर थांबून खडक बघणं म्हाताऱ्यांबरोबर संपलं होतं. भोंगा गप म्हणजे नाला गप, असं पोरंसुद्धा म्हणायची.

भाद्रपदातला तो दिवस. बिभीषण चाळीस मेंढरं घेऊन डोंगरावरून उतरला आणि पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी थांबला. अलीकडं त्याची बायको गोपिकाबाई उभी होती. त्यानं हातवारे करून विचारलं, भोंगा वाजला का? तिनं हात हलवून सांगितलं, नाही. आणि ते खरंच होतं. बिभीषणनं मेंढरं पुलावर घातली. निम्मी अलीकडं आली.

पुढं वस्तीनं कारण शोधलं, आणि कारण लगेच सापडलं. भोंग्याची बॅटरी खांबाजवळच्या पत्र्याच्या पेटीत असायची, आणि ती चार्ज करून ठेवायचं काम कचरूकडं होतं. कचरू म्हणजे गुरुजींचाच आणखी एक विद्यार्थी, कमी बोलणारा, हाताचा चांगला. पेटीत पुराचं पाणी शिरलं होतं, बॅटरी चिखलानं भरली होती. ती आधी चार्ज होती की नव्हती, याचा पुरावा उरला नव्हता. कचरू गळ्याला हात लावून सांगत होता, की परवाच चार्ज करून लावली. मंदिरापुढं माणसं बसली तेव्हा सरपंच सर्जेरावांनी गुरुजींना विचारलं, तुमचं यंत्र काय म्हणतं? गुरुजींनी संगणकातली नोंद वाचून दाखवली होती. चार अकराला ०.८. चार तेराला ०.९. चार पंधराला १.०. आणि म्हणाले होते, "यंत्रानं बराबर मोजलंय. भोंगा वाजला नाही, म्हणजे दोष बॅटरीत."

तेवढ्या एका वाक्यानं कचरूचं घर बसलं. त्याच्या मेंढरांबरोबर कुणी आपली मेंढरं सोडेना. लोकर कातरायला त्याला कुणी हाक मारेना, की त्याच्याकडं कुणी जाईना. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या भाकरीवर ते घर दिवस काढतं. कचरूची बायको उषाबाई भाकरी घेऊन गेली, तर गोपिकाबाईनं ती टोपली तिच्यादेखत उंबऱ्याबाहेर कुत्र्यापुढं ठेवली. त्यानंतर कचरूनं आपला मेंढवाडाच नाल्यापलीकडं नेला.

आणि त्यानंतरच बिभीषण वर्गात यायला लागला.

सुट्टीच्या वर्गात आठ-नऊ पोरं होती. त्यांत सगळ्यात मोठी प्रांजली, बिभीषणची थोरली. जालन्याला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती, सुट्टीला घरी आली होती. ती पुढच्या बाकावर बसायची, दाराकडं पाठ करून. मागं बाप आणि पुढं लेक, आणि दोघांच्या मध्ये सहा बाकं, हे गुरुजी रोज बघायचे.

त्या दिवशी त्यांनी भागाकारापासून सुरुवात केली. सात भागिले दोन, संगणकाला विचारा. संगणक म्हणाला, तीन. पोरं हसली. मागचा एकजण म्हणाला, याला तर दुसरीतली पोरगी हरवंल. गुरुजींनी हसू दिलं आणि मग सांगितलं, की सात आणि दोन हे अख्खे आकडे आहेत, आणि अख्ख्याला अख्ख्यानं भागलं की सी भाषा उत्तरही अख्खंच देते, वरचं अर्धं टाकून देते. आता ७.० लिहा. बघा, साडेतीन. त्या एका टिंबानं तिला कळतं, की इथं अपूर्णांक चालतील. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, चारही खुणा टिंबाच्या आकड्यांना चालतात. फक्त बाकी काढायची टक्क्याची खूण चालत नाही. साडेसाताला दोननं भागून बाकी मागा, ती हुकूमच घेत नाही.

"टाकून दिलेलं अर्धं कुठं जातं, गुरुजी?" एका लहानगीनं विचारलं.

 कुठंच जात नाही, असं गुरुजी म्हणाले. म्हणताना ते दाराकडं बघत होते.

मग त्यांनी सोपा अभ्यास दिला. शून्यापासून सुरू करा, दहा वेळा ०.१ मिळवा, आणि विचारा, एकाच्या बरोबर झालं का? उत्तर त्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी स्वतः करून पाहिलं नव्हतं. एकाच संगणकावर पोरं आळीपाळीनं बसायची. पहिली पाळी प्रांजलीची.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे तर न्हाई म्हणून राह्यलं."

त्यांनी सांगितलं, कुठंतरी खूण चुकली असेल, बघ. तिनं बघितलं. खूण बरोबर होती. बेरीज छापून बघ, ते म्हणाले. तिनं छापली. १.० आली. तरी बरोबर आहे का विचारलं, की नाही.

"दिसतंय एक, आन् एक न्हाई म्हणतंय," प्रांजली म्हणाली. "थांबा. एकच घर छापलंय म्हणून तसं दिसत असंल. टिंबापुढची सतरा घरं छापते."

पडद्यावर दहा ओळी उतरल्या. पहिलीच ओळ ०.१०००००००००००००००१. पोरं पुढं सरकली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी चार होता. पाचवी ओळ तेवढी स्वच्छ निघाली, पाचापुढं नुसती शून्यं. सहावीपासून पुन्हा बिघडलं, आणि दहावी ओळ होती ०.९९९९९९९९९९९९९९९८९.

"एकाला एवढंसं कमी पडलं," लहानगी चिमूट दाखवून म्हणाली.

गुरुजी पाचव्या ओळीकडं बघत होते. अर्धा. अर्ध्याला बरोबर भरतं. म्हणून पहिल्या वर्षी भोंगा एकदाही चुकला नाही. आणि दहाव्या ओळीला कधीच भरत नाही. आज नाही, उद्या नाही, भाद्रपदातही नाही. पाणी एक मीटर चढलं, नोंदीत एकच घर छापायचं म्हणून १.० छापलं गेलं, आणि आत मात्र संगणकानं विचारलं, हे एकाच्या बरोबर आहे का? आणि त्याचं त्यालाच उत्तर मिळालं, नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. शेवटच्या बाकावर बिभीषण बसला होता. इतके महिने तो खाली बघायचा. आज त्यानं मान वर केली होती आणि तो गुरुजींकडं बघत होता. रागानं नाही. लहानपणी गणित अडलं, की वही पुढं धरून बघायचा, तसं.

पोरांना त्यांनी लवकर सोडलं. डोकं दुखतंय, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत एकटे बसले. लहानपणी बापानं त्यांच्याकडून पाव-अर्ध्याचे पाढे, पावकी, निमकी, घोकून घेतले होते. आता कागदावर मांडून बघताना त्यांना कळलं, की संगणकाचंही शिक्षण तेवढंच आहे. भाकरीची अर्धी, अर्धीची चतकोर, चतकोराची नितकोर, असे निम्मेनिम्मे तुकडे जोडून जे होतं, तेच त्याला अचूक येतं. दहावा हिस्सा निम्म्यानिम्म्यानं कधी पुरा निघतच नाही. कायम एक कण कमी नाहीतर एक कण जास्त. तो कण एकदा काही करत नाही. दहा वेळा मिळवला, की एक बरोबर एक राहत नाही. बापाचे खडे अख्खे होते. बापानं मेंढरं मोजताना कधी खड्याचा तुकडा टाकला नव्हता.

दुरुस्ती सोपी होती. कळा मोजायच्या त्या अख्ख्या मोजायच्या, एक, दोन, तीन. दहा किंवा जास्त झाल्या, की हुकूम. आणि एकदा हुकूम दिल्याची आठवण वेगळी ठेवायची. मीटर करायचेच असतील, तर शेवटी एकदाच १०.० नं भागायचं. अर्ध्या तासात त्यांनी नवा प्रोग्रॅम लिहून वेगळ्या नावानं ठेवला. एकेक कळ हातानं दाबल्यासारखं करून ताळा घेतला. नवव्या कळेला गप. दहाव्या कळेला पडद्यावर अक्षरं आली, भोंगा चालू.

ताळा. चाळीस वर्षं एका गणितावर त्यांनी ताळ्याशिवाय बरोबरची खूण केली नव्हती. ०.५ खोडून १.० लिहिलं, त्या दिवशी मात्र घेतला नव्हता. एक आकडा तर बदलायचाय.

आता पडद्यावर दोन नावं होती, जुना आणि नवा. मृगाआधी भोंगा परत सुरू करायचा, असं पंचायतीनं ठरवलं होतं. परवाच सर्जेराव येऊन सांगून गेले होते, गुरुजी, तुमचं यंत्र तयार ठेवा. बॅटरी नवी, माणूस नवा. यंत्र तयार होतं. जुना प्रोग्रॅम पुसला, की झालं. भोंगा यापुढं बिनचूक वाजेल, कुणाचं मरण होणार नाही, आणि वस्तीत कुणाला काही कळायचं कारण नाही. भोंग्याचा प्रोग्रॅम उघडून बघणारं वस्तीत दुसरं होतं कोण? कचरूचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणसं हळूहळू विसरतात.

त्यांनी बोट पुसायच्या कळेवर ठेवलं. बाकावर कुणी नव्हतं. सकाळची वेळ होती. तरी पाठीमागं ओल्या लोकरीचा वास आला, पावसात भिजलेल्या कळपाला येतो तसा. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दारात प्रांजली उभी होती.

रात्रभर विचार केला, ती म्हणाली, संगणक चुकतो म्हणजे काय? कॉलेजात तर सांगतात, तो चुकत न्हाई. तिला ते वह्यांमध्ये कुठं सापडलं नव्हतं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमचा भोंग्याचा प्रोग्रॅम बघू का? शिकायला. खरं काम करणारा प्रोग्रॅम मी अजून बघितलाच न्हाई."

दोन नावं पडद्यावर होती. नवा उघडून दाखवता आला असता. पोरगी बघून गेली असती, हुशार आहेत आमचे गुरुजी, असं म्हणाली असती. गुरुजींनी बोट कळेवरून उचललं, जुना उघडला आणि खुर्चीवरून उठून तिला जागा दिली.

ती वाचत गेली. बेरजेच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग खाली, दोन बरोबरच्या खुणांवर.  त्यांना वाटलं, आता ही काही विचारील आणि आपण सांगू. पण ती बोट काचेवर तसंच ठेवून बसून राहिली.

"संगणक चुकला नाही," शेवटी गुरुजीच म्हणाले. "त्याला जे सांगितलं, ते त्यानं केलं. सांगणारा मी होतो. भोंग्याला हुकूमच गेला नव्हता, पोरी. बॅटरी भरलेली असती, नसती, काही फरक पडला नसता."

"आई अजून झोपेत हात हलवते," प्रांजली म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "न्हाई, न्हाई, असा. मी बघते ना रोज." मग म्हणाली, "आन् कचरूकाकाच्या घरची भाकर तिनं कुत्र्याला घातल्ती."

ती उठली आणि घराकडं निघाली. गुरुजी तिच्या मागं निघाले. चप्पल घालायची राहिली, हे त्यांना अर्ध्या वाटेत पाय भाजल्यावर कळलं.

गोपिकाबाई ओसरीवर लोकर निवडत बसली होती. काळी एकीकडं, पांढरी एकीकडं. गुरुजी खाली जमिनीवरच बसले. त्यांनी सगळं सांगितलं; दशांशाचं थोडक्यात, मंदिरापुढं आपण काय बोललो ते पुरतं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. फक्त काळी लोकर पांढऱ्यात पडायला लागली.

"कधीपासून म्हाईत हाय तुम्हाला?"

"कालपासून."

"आन् पंचात बोलले तवा?"

"तेव्हा माहीत नव्हतं. पण तपासून न बघता बोललो."

तिनं शिव्या दिल्या असत्या, तर गुरुजींना बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, कचरूला सांगितलं का? नाही, गुरुजी म्हणाले, आधी तुमच्याकडं यावं, असं वाटलं. तुमचा माणूस गेला.

"माझा माणूस गेला, तो कुठं पळून चाललाय आता," गोपिकाबाई म्हणाली. "त्याचं घर अजून उभं हाय. उठा."

तिनं मांडीवरची लोकर झटकली, डोक्यावर पदर घेतला आणि पुढं झाली. प्रांजलीनं बापाच्या जुन्या चपला आणून गुरुजींपुढं ठेवल्या. गुरुजींनी त्या घातल्या. त्यांना त्या मोठ्या होत होत्या.

पुलावर ऊन रणरणत होतं. नाल्यात पाण्याचा टिपूस नव्हता, गोटे पांढरे पडले होते. पुलाच्या मधोमध गोपिकाबाई थांबली. इथून तिथपर्यंत, तिनं बोटानं दाखवलं, एवढंच राहिल्तं त्याचं. चार पावलं. गुरुजींनी बघितलं, तर तिथं, त्या तापलेल्या दगडावर, ओल्या पावलांचे ठसे होते, पुढं पुढं गेलेले, पलीकडच्या काठाकडं. गोपिकाबाई त्यांच्यावरूनच चालत गेली. तिला दिसले की नाही, कळलं नाही. गुरुजी कडेकडेनं चालले, पाय पडू नये म्हणून.

डोंगराच्या पायथ्याला बोरीच्या तुटक्या सावलीत कचरू मेंढरू कातरत होता. कातरणीला दोन माणसं लागतात, एक धरायला, एक कातरायला. कचरूनं मेंढराचे पाय दोरीनं बांधले होते आणि मानेवर स्वतःचा गुडघा ठेवला होता. त्यानं तिघांना येताना बघितलं आणि मान खाली घालून कातर चालू ठेवली. पाण्याची कळशी घेऊन उषाबाई येत होती, ती गोपिकाबाईला बघून लांबच थांबली.

गुरुजी उभ्यानंच बोलले. दहा वेळा एक दशांश, दिसतं एक, असतं एकाला जरासं कमी. बोलता बोलता त्यांना जाणवलं, की आपण वर्गात सांगतो तसं सांगतोय, उदाहरणं देतोय, आणि कचरू शाळेत असताना ऐकायचा तसाच खाली बघत ऐकतोय. ते थांबले.

कातरीचा आवाजही थांबला. "मला ते दशांश-बिशांश कळत न्हाई, गुरुजी," कचरू म्हणाला. "तवाही कळत नव्हतं. एवढंच सांगा. माझ्यामुळं गेला का बिभीषण?"

"नाही."

"बॅटरी?"

"तू म्हणालास चार्ज होती, म्हणजे होती. तुला खोटं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं. कधीच नव्हतं. मी बोललो ते चूक होतं."

"पुन्हा म्हणा."

गुरुजी पुन्हा म्हणाले.

कचरूनं उषाबाईला हाक मारली. ती जवळ आली, कळशी खाली ठेवली. "आता हिच्यापुढं म्हणा," तो म्हणाला. "इतके दिवस हिनं मला एकदाबी विचारलं न्हाई, बॅटरी खरंच लावल्ती का म्हणून. विचारलं असतं, तर बरं झालं असतं."

गुरुजी तिसऱ्यांदा म्हणाले.  उषाबाईनं तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडं बघत राहिली. गोपिकाबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, एक हात अंतर ठेवून. 

"मंदिरापुढं म्हणावं लागंल," कचरू म्हणाला. "सगळे असताना. सर्जेराव असताना."

"आजच. आत्ता चल."

"आत्ता न्हाई." कचरूनं गुडघ्याखालच्या मेंढराकडं बघितलं. त्याची एक बाजू उघडी गुलाबी होती, दुसऱ्या बाजूला काळी लोकर लोंबत होती. "हे अर्धं झालंय. असं सोडता येत न्हाई."

गुरुजी खाली बसले. त्यांनी मेंढराच्या पायांची दोरी सोडली आणि पुढचे दोन्ही पाय आपल्या हातात धरले, बापानं शिकवलं होतं तसे, गुडघ्याच्या वर, घट्ट पण न दुखावता. मेंढरू एकदा झटकलं आणि निवांत झालं. कचरूनं मानेवरचा गुडघा काढला.

"वर धरा जरा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूनं कातर लावली.